मुंगीवर पावडर टाकण्याआधी रांगेचे टोक पाहा

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



आपल्या उदगीर भागात अलीकडे पुष्कळांच्या घरालगत, गोठ्याशेजारी किंवा विहिरीवर लहानसे हिरवे शेडनेट उभे राहिलेले दिसते. कुणाचे दोन गुंठ्यांचे, कुणाचे अंगणाएवढेच. त्यात एक डोळा पद्धतीने उसाची रोपे, शेजारी मिरची, वांगी, टोमॅटोचे ट्रे आणि घरच्या माउलीने हौसेने लावलेली चार फुलझाडे असा सगळा संसार असतो. ही फार चांगली गोष्ट आहे. बेणे वाचते, सुरुवातीचे पाणी वाचते आणि तुटाळ कमी होते. परंतु गटागटांतून फिरताना या शेडनेटविषयी एक तक्रार हमखास कानावर येते. ती म्हणजे मुंग्या.

"साहेब, मुंग्या कामून येतात ते सांगू नका. त्या मरतात कशानं तेवढं सांगा." असा सरळ सवाल असतो. आणि उत्तराची वाट न बघता पुष्कळजण दुकानातून पावडर आणून ट्रेवर, बाकाखाली, उंबऱ्यापर्यंत भुरभुरून मोकळे होतात. आठ दिवस बरे वाटते. नवव्या दिवशी रांग पुन्हा लागते. मग दुप्पट पावडर.

या सवयीविषयी मला आज स्पष्ट मत मांडायचे आहे. घरालगतच्या शेडनेटमध्ये मुंगी मारणे हा उपाय नाही. मुंगी कशासाठी आली ते शोधून ते कारण काढणे हा उपाय आहे. पावडरीने मुंगी जात नाही, पण तिच्याबरोबर आपले बरेच काही जाते.

गवळी आणि म्हैस

उसाचे, मिरचीचे किंवा जास्वंदीचे पान मुंगी खात नाही. मग ती झाडावर चढते कशाला? तर तिथे तिची दुभती जनावरे बांधलेली असतात. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड या रस शोषणाऱ्या किडी झाडाचा रस पितात. या रसात साखर भरपूर आणि अंगाला लागणारे सत्त्व थोडे. म्हणून किडीला रस पुष्कळ प्यावा लागतो आणि नको असलेली साखर ती पाठीमागून गोड चिकट थेंबांच्या रूपाने टाकून देते. हा चिकटा म्हणजे मुंगीचे दूध. आपण देवणी गाईची जशी निगा राखतो तशी मुंगी या किडीची राखते. शत्रू आला तर हुसकावते. ढालकिडा, क्रायसोपाची अळी हे आपले मित्र कीटक पिठ्या ढेकूण खायला आले की त्यांना चावून पिटाळते. कोवळा शेंडा दिसला की पिठ्याची पिल्ले उचलून तिकडे नेऊन सोडते, म्हणजे जनावर नव्या कुरणात घालावे तसे. चिकटा पानावर सांडला की त्यावर काळी बुरशी वाढते, पान काजळल्यासारखे होते आणि रोप मंद पडते.

आता सांगा, गोठ्यात म्हैस दावणीला असताना गवळ्याला हाकलून तो येणे बंद होईल का? आज हाकलला तर उद्या पहाटे कासंडी घेऊन हजर. म्हैस हलवा, गवळी आपोआप येणार नाही. पावडर टाकणारा माणूस गवळ्याला काठी मारत बसतो आणि म्हशीला हात लावत नाही.

शिवाय बाहेर फिरणाऱ्या मुंग्या हा वारुळातला थोडासाच भाग असतो. राणी, अंडी आणि बाकीचा गोतावळा जमिनीत खोल सुखरूप असतो. बाहेरच्या शंभर मेल्या तर आतून दुसऱ्या शंभर निघतात. मरतात ते बिचारे ढालकिडे, कारण त्यांना वारूळ नाही. म्हणून पावडर टाकल्यावर दोन-तीन आठवड्यांत पिठ्या ढेकूण पूर्वीपेक्षा जोरात वाढलेला दिसतो, आणि आपण म्हणतो की औषधात भेसळ आहे.

प्रत्येक मुंगी सारखी नाही

तेव्हा पहिले काम हे की हातातला डबा खाली ठेवा, पाच मिनिटे उकिडवे बसा आणि मुंगीची रांग कुठे संपते ते पाहा. आपल्या शेडनेटमध्ये साधारण तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार वाटसरू मुंगीचा. उसाचे डोळे ताजे कापून ट्रेमध्ये भरले की कापातून गोड रस पाझरतो. साखर तिथे मुंगी हे कारखान्याच्या सभासदाला काय सांगावे! ही मुंगी रस चाटते आणि काप सुकला की तीन-चार दिवसांत निघून जाते. डोळ्याला ती इजा करत नाही. कापलेले डोळे शिफारशीप्रमाणे बेणेप्रक्रियेच्या द्रावणात बुडवून, सावलीत निथळून घेतले आणि ट्रेमध्ये भरल्यावर वरून कोकोपीटने पूर्ण झाकले तर तीही फारशी येत नाही. भाजीपाल्याच्या बारीक बियांची गोष्ट वेगळी. टोमॅटो-वांग्याचे बी उघडे राहिले तर मुंगी ते ओढून नेते. बी नीट झाकणे आणि उगवेपर्यंत ट्रे जमिनीवर न ठेवणे एवढे त्याला पुरते.

दुसरा प्रकार बिऱ्हाडकरू मुंगीचा. चैत्र-वैशाखात आपल्या काळ्या रानाला हातभर भेगा पडतात. बाहेर जमीन तापलेली आणि शेडनेटमध्ये गारवा. अशा वेळी मुंगी ट्रेच्या कप्प्यात, कुंडीच्या तळाशी बिऱ्हाड करते. विशेषतः कडेचे ट्रे, जिथे झारीचे पाणी पोहोचत नाही. ती माती पोखरते, मुळ्या उघड्या पडतात, रोप माना टाकते. यावर उपाय पाण्याचा. तो ट्रे किंवा कुंडी पाण्याच्या टाकीत काठापर्यंत पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवा. मुंग्या अंडी तोंडात धरून वर येतात, त्यांना झटकून टाका. ट्रे निथळून जागेवर ठेवा आणि पुढे कडेच्या ओळींकडे लक्ष द्या. चावऱ्या लाल मुंगीचे वारूळ वाटेवरच असेल आणि बायाबापड्यांच्या हातापायांना त्रास असेल तर वारुळाच्या तोंडात उकळते पाणी ओतावे. रोपाच्या मुळापासून मात्र लांब.

तिसरा प्रकार गवळी मुंगीचा. हिची रांग देठाच्या बेचक्यात, पानाच्या मागे किंवा उसाच्या पाचटाखाली संपते. तिथे पांढरी पूड, कापसासारखे पुंजके किंवा चिकट पान दिसेलच. घाबरायचे ते हिला. खरे म्हणजे हिला नव्हे, ती जिची राखण करते त्या किडीला.

जाता जाता आणखी एक सांगतो. आपल्याकडे वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात. ती मुंगी नव्हेच. वाळवी टिपरी पोखरते, डोळा खाते. उलट काळ्या-लाल मुंग्या वाळवीच्या हाडवैरी आहेत, संधी मिळाली की तिला उचलून नेतात. नावाच्या सारखेपणावरून एकीचा राग दुसरीवर काढू नका.

म्हैस हलवायची कशी

उसाचा गुलाबी पिठ्या ढेकूण पाचटाखाली कांडीच्या पेऱ्यावर बसलेला असतो आणि बेण्याबरोबर प्रवास करतो. म्हणून उसाच्या रोपवाटिकेत मुंगीचा बंदोबस्त सुरू होतो तो बेणेमळ्यात. नऊ ते अकरा महिन्यांचे निरोगी बेणे घ्या. पाचट हाताने काढा आणि पेऱ्यावर नजर टाका. पांढरी पूड किंवा गुलाबी पुंजका दिसला तर ते बेणे गुऱ्हाळाला किंवा गाळपाला, ट्रेमध्ये नाही.

भाजीपाल्यावरचा आणि फुलझाडांवरचा पिठ्या वेगळा. तो शेडनेटभोवतीच्या गाजर गवतावर, अंगणातल्या जास्वंदीवर वाढतो आणि तिथून मिरची-वांग्यावर येतो. म्हणून नेटच्या चारी बाजूंनी हात-दोन हात पट्टा तणमुक्त ठेवा. गणपतीला फुले हवीत म्हणून जास्वंद काढायला मी सांगणार नाही. पण तिचा किडका शेंडा कापून जाळा आणि तिची फांदी जाळीला टेकू देऊ नका.

रोपावर चार पुंजके दिसले तर जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा. दहा-वीस रोपांना एवढे पुरते. जास्त असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळीची भरड रात्री दहा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात विरघळवून घाला आणि सगळे मिळून १०० लिटर करा. घरच्या नेटला पाव किलो निंबोळी आणि पाच लिटर द्रावण पुष्कळ होते. ते पानाच्या मागे आणि बेचक्यात, संध्याकाळच्या वेळी. पिठ्याच्या अंगावर मेण असते, म्हणून साबणाशिवाय फवारलेले पाणी नुसते ओघळून जाते हे ध्यानात ठेवा.

आणि एक विनंती. पिठ्यासारखीच पांढरी, पण चपळ चालणारी झिपरी अळी दिसली तर तिला चिरडू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी आहे. हा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून मुद्दाम आपल्या देशात आणला गेला तो या किडी खाण्यासाठी. द्राक्षबागायतदार त्याला पैसे देऊन विकत आणतात आणि आपण घरी आलेला पाहुणा मारतो.

वाट बंद करणे

म्हैस हलवली की गवळ्याची वाट बंद करायची. याला नवीन शास्त्र लागत नाही. आपल्या आज्या दूधदुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत आणि लोणी शिंक्यावर टांगीत. शेडनेटमधल्या बाकाला तेच करा. ट्रे जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवा आणि बाकाच्या प्रत्येक पायाखाली पसरट डबा ठेवून त्यात पाणी भरा. पाण्यात चिमूटभर धुण्याची पावडर टाकली की मुंगी तरंगत नाही, बुडते. सहा पायांच्या बाकाला अर्धा-अर्धा लिटर धरले तर आठवड्याला तीन लिटर पाणी. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या जिल्ह्यातल्या माणसालाही एवढे पाणी परवडेल, आणि तेही हातपाय धुतलेले चालेल. मात्र दर आठवड्याला डबे ओतून, घासून पुन्हा भरा. नाहीतर मुंगी घालवून डास पाळल्यासारखे व्हायचे.

पाणी नको असेल तर पायाला वीतभर रुंदीची प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात सीताफळाच्या खोडाला पिठ्यासाठी अशीच पट्टी बांधतात. ग्रीस पट्टीवर लावायचे, झाडाच्या सालीवर नाही. धूळ बसली की नवा हात द्यायचा.

एवढे करूनही मुंगी आली तर पूल शोधा. एखादे पान जाळीला टेकलेले असते, झारी बाकाला टेकून ठेवलेली असते, सुतळी लोंबत असते किंवा ठिबकची नळी जमिनीवरून सरळ बाकावर चढलेली असते. नळीलाही ग्रीसचे कडे करा. किल्ल्याचा खंदक कितीही खोल असला तरी पूल खाली टाकलेला असेल तर उपयोग काय? उदगीरकराला हे वेगळे सांगायला नको.

वारूळच फार मोठे असेल तर घरगुती आमिष करता येते. एक लिटर पाणी, १०० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम बोरिक पावडर. कॅरमच्या फळीवरची नव्हे, औषधाच्या दुकानातली घ्या. कापसाचा बोळा त्यात भिजवून झाकणाला भोके पाडलेल्या डबीत ठेवा आणि डबी मुंगीच्या वाटेवर. यात बोरिक मुद्दाम कमी आहे. मुंगी जागेवर मरता कामा नये, तिने ते घरी नेऊन इतरांना भरवले पाहिजे. दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो. डबी पोरांच्या आणि कोंबड्यांच्या हाताला-चोचीला लागणार नाही अशी ठेवा, आणि ते पाणी रोपाला कधीही ओतू नका. जादा बोरॉनने पान कडेने करपते.

पावडरीचा खरा हिशोब

"साहेब, एवढं कोण करत बसतंय? चिमूटभर पावडरीत काम होतंय." हे म्हणणे मी समजू शकतो. शेतकऱ्याला हजार कामे. पण चिमटीतली ती पावडर कोणती, हे विचारले की डबा दाखवतात आणि त्यावरचा कागद निघून गेलेला असतो. आपले वडीलधारे जिला गॅमॅक्सिन म्हणत ती बीएचसी पावडर देशात १९९७ पासून बंद आहे. मिथिल पॅराथिऑनच्या पावडरीवर २०१८ मध्ये बंदी आली. उसाच्या सरीत आपण वर्षानुवर्षे टाकलेले दाणेदार फोरेट, म्हणजे थिमेट, ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. ही औषधे सरकारने उगीच बंद केली नाहीत. माणसाच्या, जनावराच्या आणि पाण्याच्या जिवावर उठली म्हणून केली. आणि आपण त्यांचे कोपऱ्यात उरलेले डबे कुठे वापरतो? तर घराच्या भिंतीला लागून असलेल्या नेटमध्ये. तिथे नातवंडे खेळतात, कोंबड्या उकरतात, आणि रोपे काढायला आपल्या घरच्या बाया उघड्या हातांनी बसतात. त्याच हातांनी दुपारची भाकरी मोडतात. शेतातल्या औषधापासून आपण निदान घरी परततो. घरातल्या औषधापासून परतायचे कुठे?

मुंगी ही नुसती उपद्रवी आहे असेही नाही. उसाच्या फडात खोडकिडीची अंडी आणि कोवळ्या अळ्या वेचणाऱ्या मजुरांत मुंगी आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस परदेशातून शिरलेल्या चावऱ्या लाल मुंगीविरुद्ध हेप्टाक्लोर नावाचे दाणेदार औषध मोठ्या प्रमाणावर टाकले गेले. उसाच्या रानात मुंग्या आणि त्यांच्याबरोबर इतर शिकारी कीटक मेले, आणि त्यामागून उसाची खोडकीड वाढली. तिथल्या शेतकऱ्यांना त्या मुंगीचे चावे सोसवत नव्हते हे खरे, पण फडात ती फुकट राखण करत होती हे ती गेल्यावर कळले. म्हणून रोपाच्या बाकावर मुंगी नको, बांधावर आणि फडात असू द्या, एवढा विवेक आपण करायला हवा.

आपल्याकडचा धडाही जुना नाही. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात लोकरी मावा आला आणि बघता बघता राज्यभर पसरला. ऊस पांढराफटक, पाने चिकट, काजळी धरलेली. तेव्हाही पहिला धावा औषधाचाच झाला. शेवटी माव्याला आवर घातला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्र कीटकांनी. फवारा आवरला तिथे ते वाढले. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे त्यांनी तरुण सभासदांना सांगावे.

हा एकट्याचा प्रश्न नाही

कोणी म्हणेल, माझे नेट, माझ्या मुंग्या, कारखान्याला काय त्याचे? त्याचे उत्तर आकड्यात देतो. पाच फूट सरी आणि दोन फुटांवर रोप धरले तर एकरी ४,३५६ रोपे लागतात. शंभरातले एक रोप जरी पिठ्या घेऊन गेले तरी एका एकरात ४३ ठिकाणी कीड आपण स्वतः हाताने लावली. आपल्या भागात रोपे शेजाऱ्याकडून, पाहुण्याकडून, गावातल्या रोपवाटिकेतून घेतली जातात. एकाच्या बाकावरची कीड अशी दहा जणांच्या फडात जाते, आणि त्या फडातले बेणे पुढच्या वर्षी आणखी दहा जणांकडे. सहकारात नफा वाटून येतो, तशी कीडही वाटून येते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली सभासदांना. रोपे घेताना ट्रे उचलून खालून पाहा, चार रोपांचे पाचट बाजूला सारा. मुंगीची रांग दिसली तर रांगेचे टोक शोधा. टोकाला पांढरी पूड असेल तर तो ट्रे भिडेखातर घेऊ नका, मग देणारा सख्खा मेहुणा का असेना. दुसरी सूचना संचालक मंडळाला आणि आम्हा शेतकी खात्यालाही. कारखान्यामार्फत जिथे रोपवाटप होईल तिथे वाटपाआधी गटाच्या कर्मचाऱ्याने ही तपासणी करून ट्रेवर सहीची चिठ्ठी लावावी, आणि जुन्या बंदी असलेल्या पावडरींविषयी प्रत्येक गटात एक बैठक व्हावी. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय काढला तर खात्याच्या कामाला बळ येईल.

मुंग्यांना वारुळावर पीठ-साखर घालणारी आपली माणसे आहेत. त्यांना मुंगीविषयी दया शिकवण्याची गरज नाही. मुंगी चुगलखोर आहे आणि ती चुगली आपल्या फायद्याची करते, एवढेच मला सांगायचे आहे. डोळ्यांना न दिसणारी कीड कुठल्या पानामागे बसली आहे ते ती रांग लावून दाखवते. तिच्यावर पावडर टाकणे म्हणजे खबर देणाऱ्याचेच तोंड बंद करणे. खबर घ्या, कीड काढा, वाट बंद करा. मग मुंगी तिच्या वाटेने जाईल आणि आपली रोपे आपल्या फडात जातील.

काही अडचण असल्यास आपल्या गट कार्यालयात किडलेले पान कागदात गुंडाळून घेऊन यावे. पावडरीचा डबा आणू नये!